केरीपासून पोळेपर्यंत, बसने: एका जुन्या कंडक्टरचं उत्तर

प्रश्न नाशिकच्या एका तिशीतल्या जोडप्याचा आहे. फेब्रुवारीत दहा दिवसांची रजा, पाठीवर एकेक बॅग, दोघांनाही दुचाकी चालवता येत नाही, रोज टॅक्सी करण्याइतके पैसे नाहीत. गोव्याचा किनारा उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत फक्त बसने करता येईल का? भेटेल तो म्हणतो, गाडी भाड्याने घेतल्याशिवाय गोवा होत नाही.

होतो. मी पेडण्याचा. सतरा वर्षं म्हापसा, पेडणे, हरमल या पट्ट्यात खाजगी बसवर कंडक्टर होतो. (तिकिटं फाडली असं म्हणायची पद्धत आहे, पण आमच्या बसमध्ये कागद क्वचितच हाती पडायचा. पैसे घेतले की हिशेब डोक्यात.) गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर नोकरी सोडली, तेव्हा बायको म्हणाली, "सतरा वर्षं अख्ख्या गावाला बसवलंत, मला कधी खिडकीत बसवलंत?" तेव्हापासून आम्ही दोघं दर हिवाळ्यात एकदा तरी केरी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्याचं उत्तर टोक ते दक्षिण टोक, करतो. कधी पाच दिवसांत, कधी बारा. म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका. नकाशावर किनारा ही एक रेघ दिसते आणि वाटतं, त्या रेघेवरून बस जात असेल. तशी बस गोव्यात नाही. आमची बस बाजाराला जाते. म्हापसा, पणजी, मडगाव आणि काणकोणची चावडी ही चार बाजाराची ठिकाणं, आणि प्रत्येकातून गावांकडे रस्ते फुटतात, हाताच्या बोटांसारखे. हरमलहून हणजूणला जायचं तर किनाऱ्याने जाता येत नाही, मध्ये शापोरा नदी आडवी आहे. शिवोलीच्या पुलावरून म्हापशाला यायचं आणि तिथून दुसरी बस. कोलव्याहून आगोंदला जायचं तर मडगावला परत. एका बोटाच्या टोकावरून दुसऱ्या बोटाच्या टोकावर जायला तळहातातून जावं लागतं, एवढं धरून चाललात की चिडचिड निम्मी कमी होईल.

आणि बस बाजाराला जाते म्हणजे बाजाराच्या वेळेला जाते. सकाळी साडेसहा ते दहा शाळेची पोरं, मासळीवाल्या, सरकारी नोकर. त्या वेळात बस मागून बस. दुपारी एक ते चार आमच्याकडे दुकानं मिटतात, माणसं जेवून आडवी होतात, आणि बसचं अंतर वाढतं. चारनंतर पुन्हा गर्दी. संध्याकाळी सात वाजले की गावाकडची शेवटची बस कुठली, ते विचारून ठेवायचं. आठनंतर आतल्या गावात बस मिळेल हे गृहीत धरू नका. रविवारी तर निम्म्या खाजगी बस रस्त्यावर नसतात, त्यातही सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात. म्हणून रविवारी मुक्काम हलवायचा नाही. जिथे आहात तिथेच समुद्रात पाय घालून बसा.

आता सुरुवात. बहुतेक लोक सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीवरून आत येतात. बसला तो रस्ता सरळ आहे, आणि पत्रादेवीला 1955 च्या सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, उतरून पाहण्यासारखं. पण किनाराच करायचा आहे तर शिरोड्याहून रेडी गाठा, एसटीने. रेडीहून तेरेखोलचा किल्ला रिक्षाने किंवा पायी. हा किल्ला नदीच्या महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याचा आहे. 1746 साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, तेव्हापासूनचा हा घोळ. खाली धक्क्यावर फेरीबोट लागते. चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. दहा मिनिटांत तुम्ही केरीच्या वाळूत. मोठ्या ओहोटीच्या वेळी फेरी कधी कधी थांबते, तर घाईत राहू नका.

केरीवरून सावध करतो. गोव्यात केरी तीन आहेत: पेडण्यातली ही, सत्तरीतली एक आणि फोंड्यातली एक. म्हापशाच्या स्टँडवर कोणी "केरी, केरी" ओरडला की बॅग टाकून चढू नका. माझ्या काळात एक जोडपं असंच चुकीच्या बसमध्ये बसून सह्याद्रीच्या पायथ्याला पोहोचलं होतं, अंगात पोहण्याचे कपडे घालून. नावांचा हा गोंधळ पुढेही आहे. बेती पणजीसमोर, बेतूल साळ नदीच्या मुखावर, बेताळभाटी कोलव्याजवळ. बसच्या पाटीवर इंग्रजी उच्चार असतो आणि माणसांच्या तोंडात आपलं नाव. पाटीवर अरंबोल तेच हरमल, अंजुना तेच हणजूण, कॅव्हेलोसिम म्हणजे केळशी, बेनोलिम म्हणजे बाणावली. काणकोण नावाच्या तालुक्याचं बसस्टँड ज्या गावात आहे ते चावडी, आणि कंडक्टर ओरडताना कधी हे म्हणतो कधी ते.

केरी ते मोरजी हा माझ्या मते सगळ्या प्रवासातला सगळ्यात चांगला तुकडा, आणि तो बसने करू नका. केरीहून टेकडीची पायवाट ओलांडली की हरमल. तिथून मांद्रे, आश्वे, मोरजी, सलग वाळू आहे. मध्ये एक ओढा लागतो, ओहोटीला गुडघाभर. वाळूत चालायचं तर ओहोटीतच चालायचं, ओली वाळू घट्ट असते. भरतीत कोरड्या वाळूतून बॅग घेऊन चालणं म्हणजे एक पाऊल पुढे, अर्धं मागे. ओहोटी कधी, ते फोनवर शोधण्यापेक्षा कॅलेंडर बघा. आमच्याकडचे रांपणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, तिथीचा हिशेब करतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे साधारण नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अवसेला दुपार होता होता पाणी अंगावर येतं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण चालायला पुरे. म्हणून जमलं तर या टप्प्याला चतुर्थी, पंचमी गाठा, शुक्ल असो की कृष्ण. सकाळी आठला निघा, अकराला उन्हाचा चटका बसायच्या आत सावलीत.

मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आश्वे, आगोंद आणि गालजीबाग इथेही येतात. वनखात्याची माणसं दोऱ्या लावून राखण करतात. त्या दोरीच्या आत पाय टाकू नका आणि रात्री किनाऱ्यावर टॉर्च, मोबाइलचा उजेड पाडू नका. मादी उजेडाने बिचकून परत फिरते.

मोरजीहून शिवोलीमार्गे म्हापसा. शक्य असेल तर ही बस शुक्रवारी पकडा आणि चुकूनही बॅगा घेऊन पकडू नका. दोन्ही वाक्यं खरी आहेत. शुक्रवारचा म्हापशाचा बाजार म्हणजे मयड्याची मोठाली केळी, चवरीसच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा, सुकी मासळी, मातीची भांडी, आणि ते सगळं परतीला बसमध्ये चढतं. माझ्या बसमध्ये एकदा एका आजीने कोंबडा माझ्याच मांडीवर ठेवला होता, कारण कंडक्टरचा एक हात मोकळा असतो असा तिचा समज. तर गुरुवारी रात्रीच म्हापशात मुक्कामाला या, शुक्रवारी सकाळी बाजार रिकाम्या हातांनी हिंडा. सकाळी नाश्त्याला पातळ भाजी आणि उंडो, म्हणजे गोल पाव, वर मिरची भजं. हॉटेलच्या पाटीकडे बघू नका. जिथे बस ड्रायव्हर उभ्याने खातात तिथे खा.

म्हापशाच्या पुढे हणजूण, बागा, कळंगुट, कांदोळी. याबद्दल मी फार लिहिणार नाही, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आणि मला तिथे गर्दीत गुदमरायला होतं. एवढंच सांगतो: कांदोळीहून पणजीला जाणारी जी बस नेरूळवरून जाते ती धरा, बेतीला उतरा, आणि मांडवी फेरीबोटीने ओलांडा. पूल बाजूला राहतात आणि पणजी पाण्यावरून समोर येते. हीही फेरी चालत्या माणसाला फुकट.

पणजी ते मडगाव हा एकच टप्पा असा आहे जिथे बसची वाट बघावी लागत नाही. कदंबाची शटल. कदंबा म्हणजे गोव्याचं सरकारी महामंडळ, 1980 साली निघालेलं. शटलचं तिकीट बसमध्ये नाही, स्टँडवरच्या खिडकीवर काढायचं, रांगेत उभं राहायचं, बस भरली की सुटते, मध्ये कुठे थांबत नाही. पणजी, म्हापसा, वास्को, मडगाव यांच्यात ही सोय आहे. मध्ये कुठे उतरायचं असेल तर मात्र शटल घेऊ नका, ड्रायव्हर थांबवणार नाही आणि तुम्ही त्याच्यावर रागवाल. झुवारीवरच्या जुन्या पुलावर तासतासभर अडकायचे ते दिवस नवा पूल झाल्यापासून, म्हणजे 2022 च्या डिसेंबरपासून, मागे पडले.

बसमध्ये बसायचं कसं, हे इथे सांगतो, कारण इथवर तुमचं एखादं भांडण झालेलं असेल. गोव्याच्या खाजगी बस छोट्या. पुढची काही बाकं बायकांसाठी. गर्दीत तुम्ही दोघं शेजारी बसणार नाही, हे आधीच मान्य करा. बायको पुढे, नवरा मागे दांड्याला. म्हणून दोघांकडेही सुटे पैसे हवेत, दोघांनाही उतरायच्या गावाचं नाव पाठ हवं. पैसे कोण देणार, हे चढायच्या आधी ठरवा. मी अशा शेकडो जोडप्यांकडून दोनदा पैसे घेतले आहेत आणि तितक्यांनाच परत केले आहेत, बहुतेक वेळा. पाचशेची नोट काढलीत तर कंडक्टर ऐकू न आल्यासारखं करेल. उतरण्याआधी एक थांबा शिल्लक असतानाच पुढे सरका आणि म्हणा, "देंवपाचें आसा." "फुडें वच" असं कोणी ओरडला तर तो भांडत नाही, आत सरका म्हणतो. पेडण्यात, बार्देशात (म्हापशाच्या तालुक्यात) मराठी बोललात तर मराठीतच उत्तर मिळेल, स्टँडवर मराठी पेपर घेतलेली माणसं दिसतील. सासष्टीत कोंकणी चालते. तिथे "दादा", "ताई" न म्हणता "बाब", "बाय" म्हणा, चेहरा लगेच खुलतो.

बॅग मांडीवर मावेल एवढीच. सात-आठ किलो. त्याहून मोठी असेल तर कंडक्टर ती ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर टाकतो, आणि ते झाकण तापतं. आमच्या एका प्रवासात बायकोने केलेले नारळाचे लाडू असे तापून कोयत्याने फोडायच्या लायकीचे झाले होते. औषधं, पॉवर बँक त्या बॅगेत ठेवू नका.

आणि खिडकी. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना सकाळचं ऊन डावीकडून येतं, समुद्र उजवीकडे. म्हणजे सकाळी उजव्या खिडकीत सावलीही आणि समुद्राची बाजूही. दुपारी हेच उलटतं. मी सगळ्यांना दक्षिणेकडे, आणि सकाळीच प्रवास करा म्हणतो, त्याचं अर्धं कारण हे आहे.

मडगावला दोन गोष्टी माहीत हव्यात. कदंबा स्टँड गावाच्या उत्तर अंगाला आहे, नगरपालिकेच्या बागेपासून चांगलं लांब. कोलवा, बाणावलीच्या गाड्या बागेजवळही थांबतात, तर गावात असाल तर स्टँडपर्यंत तंगडतोड करू नका. दुसरी, इथून पश्चिमेला वेळसांव ते मोबोर अशी सलग वाळू आहे, वीस किलोमीटरपेक्षा जास्त, मध्ये एकही डोंगर नाही. ती सगळी चालायची गरज नाही. माजोर्ड्याला उतरून कोलव्यापर्यंत चाला, किंवा बाणावलीहून वार्का. जिथे पाय थकले तिथून आत एक-दीड किलोमीटरवर बसचा रस्ता असतोच. गावातल्या घरांत खोल्या मिळतात. ओळखपत्र दोघांचं लागतं, एकाचं दाखवून भागत नाही. जेवायला शीतकडी, म्हणजे भात-कालवण, आणि तळलेला बांगडा, पण दुपारी अडीचच्या आत, नंतर कडीच्या तळाशी नुसतं खोबरं उरतं.

मोबोरच्या टोकाला साळ नदी आणि वाळू संपते. पुढचा तुकडा, बेतूल, काब द राम, खोला, आगोंद, हा गोव्याचा सगळ्यात देखणा रस्ता आहे आणि बसला सगळ्यात कंजूष. काब द रामला मडगावहून दिवसाला मोजक्याच बस. किल्ला 1763 साली सोंदेच्या राजांकडून पोर्तुगीजांकडे गेला. आज आत एक चर्च आहे, तटावरून समुद्र असा पसरतो की माणूस घड्याळ विसरतो. आम्हीही विसरलो. बायको तटावर बसली होती, मी "अजून एक बस आहे" म्हणत राहिलो, सतरा वर्षं कंडक्टर असल्याच्या घमेंडीत. ती बस सुट्टीच्या दिवशी नव्हतीच. अंधार पडल्यावर बर्फाच्या रिकाम्या पेट्या नेणाऱ्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला बसवलं. मागे मासळीच्या वासात, पाय पाण्यात. मडगावपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही, आणि उतरल्यावर एवढंच म्हणाली, "आज खिडकी बरी होती." तेव्हापासून चढतानाच कंडक्टरला विचारतो: "परत निमाणी बस कितें वेळार?" निमाणी म्हणजे शेवटची. हे एक वाक्य पाठ करा. आणि त्याने सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी थांब्यावर या, कारण शेवटच्या फेरीला ड्रायव्हरला घर दिसत असतं.

हे नको वाटत असेल तर मडगावहून हमरस्त्याने करमल घाट उतरून सरळ चावडी. या मार्गाला बस भरपूर. चावडीत मुक्काम ठेवा किंवा पाळोळ्यात. दोन्हीत अंतर दोन-तीन किलोमीटर. मी चावडीच सांगेन. पाळोळ्याच्या झोपड्या देखण्या, पण चावडीत पहाटेची बस, भाजी-पाव आणि औषधाचं दुकान पायाखाली. दिवसा पाळोळे, पाटणे, राजबाग पायी करा. आगोंदची बस इथूनच. मल्लिकार्जुनाचं श्रीस्थळही जवळ आहे, आणि पैंगीणजवळ पर्तगाळचा मठ, कुशावतीच्या काठी. समुद्राचा कंटाळा आला तर जा. येतो, मला तरी आठव्या दिवशी येतो.

तारखांचं. फेब्रुवारी बरोबर आहे, हवा कोरडी, पाणी शांत. कार्निव्हलचे चार दिवस मात्र आधी बघून घ्या. मिरवणूक ज्या शहरात असेल तिथे दुपारनंतर बस वळवतात आणि स्टँडवर कोणालाच काही धड सांगता येत नाही. नाताळ ते नवं वर्ष खोल्यांचे भाव ऐकून तुम्ही परत नाशिकला जाल. पुढे कधी पावसात यायचा विचार असेल तर बस चालतात, हिरवंगार असतं, पण जून ते सप्टेंबर समुद्रात पाय टाकायचा नाही. आणि जून, जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, म्हणून ताटात खाडीचे मासे किंवा सुकं.

शेवट पोळे. चावडीहून कारवारकडे जाणारी बस धरायची आणि चढतानाच सांगायचं की पोळेला उतरणार, कारण कंडक्टर तुम्हाला कारवारचेच धरून चालतो. हमरस्त्यावर उतरून खाली चालत गेलात की छोटासा अर्धगोल किनारा, होड्या, आणि त्यापलीकडचा डोंगर कर्नाटकाचा. वाटेत गालजीबागेला उतरायचं असेल तर त्याला वेगळी सकाळ द्या. नव्या बगलरस्त्यामुळे तळपण, गालजीबागच्या नद्या आता पुलावरून झटक्यात जातात आणि वेगातली बस वाटेत थांबत नाही. गावातून जाणारी बस आहे का, ते चावडीतच विचारा.

परतायला काणकोण स्टेशनवर कोकण रेल्वे मिळते, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. नाहीतर बसने मडगाव, तिथून हवी ती गाडी. पोळेला कारवारहून येणाऱ्या बस भरून येतात. दुपारी उत्तरेकडे जाताना ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवीकडे बसा. माझी बायको मात्र डावीकडेच बसते, तोंडावर पदर घेऊन. हमरस्त्यावरून समुद्र दिसत नाही, हे मी तिला दर वर्षी सांगतो. ती म्हणते, त्या बाजूला आहे ना, मग झालं.